कोचीचे साक्षपत्र आणि मधुमेहाचे पथ्य

न्यायालयात साक्षीदार उभा राहिला म्हणजे त्याच्या म्हणण्याकडे वळण्यापूर्वी त्याला काही साधे प्रश्न विचारण्याची रीत आहे. तुमचे नाव काय? राहता कोठे? जे सांगता ते स्वतः पाहिले आहे, की दुसऱ्याकडून ऐकले आहे? वकिलीच्या व्यवसायात आम्हांस वीस वर्षे होत आली. या तीन प्रश्नांनी कित्येक छातीठोक साक्षी कोसळताना आम्ही पाहिल्या आहेत. परंतु मनुष्य आजारी पडला आणि तो आजार जन्माचा सोबती होऊन बसला, म्हणजे हेच प्रश्न विचारण्याचे भान त्याला राहत नाही. अमक्याला अमुक पाल्याने गुण आला, एवढ्या ऐकीव पुराव्यावर तो आपल्या देहाचा निकाल लावून मोकळा होतो आणि वर म्हणतो, की ही आपल्या पूर्वजांची विद्या आहे. पूर्वजांची रीत खरोखर अशी होती काय, हे तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. तपासणीसाठी आम्ही जो कागद पुढे ठेवणार आहोत, तो साडेतीनशे वर्षांपूर्वीचा असून आपल्याच लोकांनी, आपल्याच भाषेत लिहिलेला आहे.

इ. स. १६७५ च्या एप्रिल महिन्यात कोची येथे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांनी नागरी लिपीत व कोंकणी भाषेत एक साक्षपत्र लिहून दिले. डच कंपनीचा मलबारातील प्रमुख अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने त्या प्रांतातील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करविला होता. 'हॉर्टस मलाबारिकस', म्हणजे 'मलबारचे उद्यान', या नावाने तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे १२ खंडांत छापला गेला. त्यात सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने असून चित्रांवर त्यांची नावे लॅटिन अक्षरांबरोबर मल्याळी, अरबी आणि नागरी अक्षरांतही कोरलेली आहेत. या ग्रंथासाठी दोन वर्षे खपून झाडे, वेली व औषधी मुळाफुलांसह, फळाबियांसह आणवून पाहिल्या, निघंटूंशी ताडून त्यांची नावे व गुण सांगितले, अशा आशयाचे ते साक्षपत्र होय. पहिल्या खंडाच्या आरंभी ते छापलेले आहे, आणि नागरी अक्षरांत छापलेल्या कोंकणीचा तो अगदी आरंभीचा नमुना समजला जातो.

हे तिघे वैद्य गोव्यातून कोचीस गेलेल्या सारस्वत समाजातले. ज्या सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, त्याच शतकात कित्येक कुटुंबे समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेस उतरली. घरदार मागे राहिले; वैद्यक घरोघरच्या पाठांतरात आणि पोथ्यांत शिल्लक होते, ते बरोबर गेले. १६६३ साली डचांनी पोर्तुगिजांकडून कोची जिंकून घेतली, आणि तेथे या विद्येला विचारणारा एक परका अधिकारी भेटला.

मात्र हे सारे श्रेय आपल्या तिघांच्याच पदरी घालणे न्यायाचे होणार नाही. त्याच पुस्तकात, त्याच सुमारास दिलेली आणखी एक साक्ष आहे, ती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची. तो एळव जातीचा, आणि त्याच्या घराण्याच्या ताडपत्रावरील ग्रंथांतून आलेले ज्ञान या ग्रंथाचा फार मोठा आधार होय, असे अभ्यासक मानतात. केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षे वेचून या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले व ते २००३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या चारही साक्षीदारांचे काम सामान्य वाचकास पाहता येऊ लागले. देवळाच्या पंक्तीत जे शेजारी बसू शकले नसते, ते पुस्तकाच्या पानात शेजारी बसले, ही गोष्ट आपण विसरू नये.

याच्या शंभर वर्षे आधी आमच्या गोव्यात काय चालले होते? १५३४ साली येथे आलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातील औषधींवरील आपला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. ग्रीक आचार्यांनी काय लिहिले यापेक्षा आपण डोळ्यांनी काय पाहिले याला तो अधिक मान देत असे, आणि पुष्कळशी माहिती त्याने येथील हिंदू वैद्यांकडून व व्यापाऱ्यांकडून मिळविली. परंतु ते माहीतगार बहुतेक निनावीच राहिले. पुढे १५८० च्या दशकात गोव्यात राहून गेलेला लिन्सखोटेन हा डच प्रवासी लिहितो, की येथील हिंदू वैद्यांवर खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठातील साधूही आपल्या देशबांधवांपेक्षा अधिक विश्वास ठेवतात. ख्रिस्ती जनांनी हिंदू वैद्यांकडे जाऊ नये, असे चर्चच्या परिषदेचे ठराव त्याआधीच झाले होते; पण पोटात कळ आली म्हणजे ठराव बाजूला राहत, असे दिसते.

ओर्ताच्या ग्रंथातील वैद्य निनावी, आणि कोचीच्या ग्रंथातील वैद्य आपले नाव, गाव व तारीख लिहून उभे. हा फरक आम्हांस फार मोलाचा वाटतो. रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट यांनी सांगितलेला प्रत्येक गुण आजच्या कसोटीस उतरेल, असे आमचे म्हणणे नाही. नावाने उभ्या राहिलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी करता येते, तो चुकला तर चूक दाखविता येते, एवढेच आम्ही म्हणतो. निनावी माणसाची चूक कोणाच्या पदरात घालावयाची?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या धाकट्या काकांना मधुमेह होता. कोंकणीत ज्याला आपण 'गोडेंमूत' म्हणतो तो हा रोग. काका अकरा वर्षे रोज इन्सुलिन टोचून घेत आणि बेताने राहत. एका जत्रेत देवळाच्या तळीपाशी काचेच्या बरण्या मांडून बसलेल्या एका इसमाने त्यांना चूर्ण दिले. औषध चरकाचे आहे, चाळीस दिवसांत साखर मुळापासून जाईल, सुई मात्र आजच बंद करा, असे त्याने सांगितले. रोज स्वतःला टोचून घेण्याचा कंटाळा ज्याने केला आहे, त्यालाच त्या शेवटच्या वाक्याची गोडी कळेल. काकांनी घरात कोणास न सांगता सुई बंद केली. पाचव्या आठवड्यात पायाच्या अंगठ्याची जखम चिघळलेली दिसली. बधिर पायाला ती दुखलीच नव्हती. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आम्हांस विचारले, "त्या मनशाचें नांव कितें रे?" घरात वकील असून त्याचे उत्तर कोणापाशी नव्हते. पुडीवर नाव नाही, पावती नाही, पत्ता नाही. फिर्याद लिहावयाची ती कोणाविरुद्ध?

दोन वर्षांनी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, आमच्याही रक्तात साखर निघाली. त्यानंतर चरकाचे म्हणून जे सांगतात ते चरकात आहे काय, हे पाहण्यासाठी आम्ही ग्रंथ उघडले.

ग्रंथांत जे आढळले ते चूर्णवाल्याच्या साक्षीच्या अगदी उलट आहे. आयुर्वेदाचे आचार्य चिकित्सेपूर्वी रोगाची प्रतवारी करतात. काही रोग सहज बरे होणारे, काही कष्टाने बरे होणारे, काही असाध्य; आणि याशिवाय एक वर्ग आहे तो 'याप्य' रोगांचा. याप्य म्हणजे जो समूळ जात नाही, परंतु औषध व पथ्य चालू आहे तोवर आवरून धरता येतो तो. सुश्रुत येथे पडू पाहणाऱ्या घराला लावलेल्या टेकूची उपमा देतो. टेकू नीट लावला तर घर उभे राहते. काढला तर कोसळते. आज ज्यांना आपण जुनाट रोग म्हणतो, त्यांच्याशी कसे वागावे हे या एका उपमेत आले आहे. प्रमेहाचे वीस प्रकार सांगून आचार्यांनी त्यांपैकी काहींना साध्य, काहींना याप्य आणि मधुमेह ज्यात मोडतो त्या वर्गाला असाध्य म्हटले आहे. चाळीस दिवसांत मुळापासून साखर घालविण्याचे वचन चरकाने दिलेले नाही. ज्याच्या नावावर ते वचन विकले जाते, त्यानेच ते नाकारलेले आहे.

सुश्रुत पुढे आणखी एक भेद करतो. प्रमेह दोन प्रकारचा: एक जन्मजात, मातापित्यांच्या बीजदोषाने येणारा, दुसरा अपथ्याने जडणारा. पहिल्याचा रोगी कृश, रुक्ष, तहानेने व्याकूळ. दुसऱ्याचा स्थूल, खादाड, गादीवर लोळण्याची आवड असणारा. पहिल्याला अन्नपानाने पोसावे, दुसऱ्याला लंघनाने व श्रमाने उतरवावे, असा त्याचा सल्ला. पाश्चात्त्य वैद्यकात १९३६ साली हिम्सवर्थ या इंग्रज संशोधकाने मधुमेहाचे इन्सुलिनला दाद देणारा व न देणारा असे दोन भाग पाडले, तेव्हापासून आजची विभागणी रूढ होत गेली. दोन्ही विभागण्या हुबेहूब एक आहेत, असे म्हणणे ओढाताणीचे होईल. परंतु एकच पथ्य सर्व रोग्यांच्या गळ्यात बांधू नये, ही गोष्ट दोन्हींत समान आहे.

पथ्याच्या बाबतीत मात्र आचार्य मुळीच हयगय करीत नाहीत. बसून राहण्याचे व झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा अतिरेक ही चरकाच्या मते प्रमेहाची कारणे. औषधापेक्षा अन्न मुख्य, आणि अन्नात यव म्हणजे जव मुख्य. सुश्रुताने तर रोग्याला शंभर योजने चालत जावे, रानातल्या मुनीप्रमाणे सावा व देवभात यांवर राहावे, विहीर खणावी, असे सांगितले आहे. योजन चार कोसांचे धरले तर हे चालणे पंढरीच्या वारीलाही मागे टाकील. ही आज्ञा आता अक्षरशः कोणी पाळू नये. ज्याचा पाय बधिर आहे त्याने अनवाणी तर मुळीच चालू नये. पण चालणे हे औषध आहे, हे तत्त्व आजही खरे ठरले आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांवर सुमारे तीन वर्षे प्रयोग केला व २००६ साली त्याचे फळ प्रसिद्ध केले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यापैकी शेकडा ५५ जणांना या काळात मधुमेह जडला. ज्यांचे चालणे व खाणे नियमित केले त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ वर आले. येथे दोन्ही पक्ष ऐकले गेले, म्हणून हा निकाल आम्ही मानतो.

याच्या शेजारी दुसरा एक प्रयोग ठेवून पाहावा. विजयसार, म्हणजे आपल्याकडे ज्याला बिबळा म्हणतात, त्या झाडाच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी पिण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांत विजयसार नव्याने मधुमेह आढळलेल्या रोग्यांस देऊन पाहिला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे ९७ पैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा मोठा आहे, परंतु तुलनेसाठी विजयसार न घेतलेल्या रोग्यांचा गट या प्रयोगात नव्हता. आमच्या भाषेत हा एकतर्फी हुकूमनामा झाला. तो खोटा म्हणता येत नाही. अंतिमही म्हणता येत नाही. शिवाय हे रोगी नव्याने आढळलेले होते. अकरा वर्षे इन्सुलिनवर असलेल्या माणसाला त्यांचा दाखला लागू पडत नाही. मेथीच्या दाण्यांवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत प्रयोग झाले, त्यांत आहारात मेथी घातल्याने साखर काही प्रमाणात उतरलेली दिसली. त्यावरून मेथी ही आहाराची चांगली सोबतीण ठरते. इन्सुलिनची जागा तिने घ्यावी, असे तिच्या बाजूच्या साक्षीदारांनीही म्हटलेले नाही.

देशी औषधीचा दावा रीतसर चालला तर काय होते, याचे उदाहरण मुंबईने घालून दिले आहे. मधुमेहाचा सख्खा शेजारी जो रक्तदाब, त्यावर सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग कसा होतो, हे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रोगी तपासून, मोजमापे घेऊन १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात आपल्या नावानिशी मांडले. जगाने त्याची दखल घेतली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि काही वर्षे ते रक्तदाबाचे एक प्रमुख औषध होऊन राहिले. पुढे त्याने काही रोग्यांच्या मनास खिन्नता येते असे दिसले, अधिक सौम्य औषधे निघाली, आणि ते मागे पडले. आमच्या मते यात सर्पगंधेचा पराभव नाही. तिची साक्ष ऐकली गेली, उलटतपासणी झाली, आणि तिच्या वाट्याला येणारा खरा मान तिला मिळाला.

आणि इन्सुलिन? १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मरणोन्मुख असता त्याला ते प्रथम टोचण्यात आले. तोपर्यंत अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगविणे एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लाउड यांच्या परिश्रमाने ते औषध हाती आले. रोग समूळ गेला नाही, आजही जात नाही. असाध्य होता तो याप्य झाला, असे सुश्रुताच्या शब्दांत म्हणावे लागेल. ज्या टेकूचे वर्णन त्याने केले, तो या रोगाला प्रथमच खऱ्या अर्थाने मिळाला. म्हणून इन्सुलिन घेणे म्हणजे पूर्वजांच्या विद्येशी प्रतारणा, असे जे कित्येक भाविकांना वाटते, ते आम्हांस उलटे वाटते. टेकू काढून घेणे हीच ग्रंथाची अवज्ञा होय.

कायद्यानेही या बाबतीत कच्चे ठेवलेले नाही. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ साली संसदेने कायदा केला. हमदर्द दवाखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये त्याचा गाभा उचलून धरला. मात्र रोगांची यादी सरकारने नियमांतून हवी तशी वाढवावी, हा भाग व झडतीचे सैल अधिकार अमान्य केले. तेव्हा १९६३ च्या दुरुस्तीने रोगांची यादी कायद्यालाच जोडण्यात आली, आणि तीत मधुमेहाचे नाव घातले गेले. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणे हा त्यामुळे गुन्हा ठरला. कायदा असा आहे. परंतु तळीकाठी कानात सांगितलेल्या शब्दाची जाहिरात कोणी सिद्ध करावयाची? कायद्याचा हात जेथे पोचत नाही, तेथे आपले तीन प्रश्नच उपयोगी पडतात.

आता घरच्या ताटाकडे वळू. आमच्या घरी उकड्या तांदळाची पेज, कुळथाचे पिठले, तांबड्या भाजीची वाटी हे अन्न पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, आणि पांढऱ्या भाताच्या ढिगापेक्षा ते खचित बरे. तथापि पेज झाली तरी ती भाताचीच, आणि नाचणीची आंबील झाली तरी तिनेही साखर चढते. किती चढते, हे बोटातील रक्ताच्या थेंबाने पाहावे, अभिमानाने ठरवू नये. उपवासाच्या बाबतीत तर आपली फसवणूक अधिक होते. सावा, ज्याला संस्कृतात श्यामाक म्हणतात, तो सुश्रुताने प्रमेह्याला सांगितलेला. आज आमच्या एकादशीच्या ताटात काय असते? साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे. आपल्याकडचा साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो कंद आणि ही बाकीची तिन्ही पिके अमेरिका खंडातली. पोर्तुगीज येण्यापूर्वी ती येथे कोणी पाहिली नव्हती. शास्त्राने सांगितलेले व्रतान्न म्हणून आपण जे श्रद्धेने खातो, ते चारपाचशे वर्षांतले पाहुणे आहे, आणि शेंगदाणे सोडले तर मधुमेह्याच्या रक्तात ते पिठाच्या वेगाने साखर ओतते. उलट, इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी गोळी घेऊन निर्जळी करणे याहून धोक्याचे. साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपते. ज्याला व्रत करावयाचे आहे त्याने आधी आपल्या डॉक्टरांस विचारून औषधाचे माप ठरवून घ्यावे.

प्रसादाविषयी काही वाचक खाजगीत विचारतात. आमचे उत्तर असे, की प्रसाद तळहातावर घ्यावयाचा असतो, वाटीत नव्हे. मणगण्याची वाटी दुसऱ्यांदा भरून घेतो तो देवाच्या नव्हे, जिभेच्या आज्ञेने.

कोचीच्या त्या तिघा वैद्यांनी दोन वर्षे झाडे पाहून मग सही केली. आम्हीही आमच्यापुरते तसेच करावयाचे ठरविले. एका साध्या वहीत तारीख, वेळ, काय खाल्ले, किती चाललो आणि साखर किती, एवढे आम्ही रोज लिहितो. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण, मेथी, जे कोणी प्रेमाने सांगेल ते डॉक्टरांस विचारून, त्यांचे औषध न सोडता, एका वेळी एकच करून पाहतो. गुण आला तर तसे लिहितो, न आला तरी तसेच लिहितो. कारल्याच्या रकान्यात फारसे काही निघाले नाही. जेवणानंतरच्या अर्ध्या तासाच्या चालण्याच्या रकान्यात मात्र निघाले आहे.

काका अजून हयात आहेत. लाकडी पायाने ते अंगणात फेऱ्या घालतात, सकाळ-संध्याकाळ सुई घेतात. गेल्या पाडव्याला कोणी तरी नवे चूर्ण घेऊन घरी आले, तेव्हा त्यांनी कडुलिंबाचा पाला चघळीत त्याला बसावयास सांगितले आणि आमची ती वही मागविली. पेन त्याच्यापुढे ठेवून म्हणाले, "आधी हांगा नांव बरय, गांव बरय, आनी तारीख घाल."

पाहुणा चहाही न घेता उठला.